शाल, नारळ आणि बावीस वर्षांचं संडे स्कूल

एका भगिनीचं पत्र आलं आहे. गाव आणि नाव गाळून, थोडं आटोपशीर करून देते.

"आदरणीय ताई, सलाम.

मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. आमचं देऊळ, म्हणजे चर्च, मिशनच्या काळातलं. गेली २२ वर्षं मी तिथं संडे स्कूल, म्हणजे पोरांचा रविवारचा बायबलचा वर्ग, घेते. नाताळचं नाटक, कापणीच्या सणाची मांडामांड, महिला मंडळाचा हिशेब हेही माझ्याकडेच असतं. यंदा देवळाचा वर्धापनदिन मोठा केला. पुण्याच्या एका कुटुंबानं साउंड सिस्टीम दिली, त्यांना शाल, नारळ, स्मृतिचिन्ह. सेक्रेटरी, खजिनदार, बाहेरचे पाहुणे, सगळ्यांचे सत्कार झाले. माझं नावसुद्धा कुणी घेतलं नाही. मी तेव्हा मागच्या मांडवात जेवणाच्या प्लेटा मोजत होते. घरी येऊन रडले. दोन आठवड्यांनी पाळकसाहेबांना हळूच म्हटलं, तर म्हणाले, 'बाई, तुमचं प्रतिफळ स्वर्गात मोठं आहे.' मुलगा म्हणतो, 'आई, तू फुकट राबलीस. आता पुरे.' ताई, मान हवासा वाटणं हे पाप आहे का? देवाच्या कामाचं फळ म्हणजे नक्की काय? आणि मी संडे स्कूल सोडून देऊ का?

ता. क. : कमिटीत पैशाची ओढाताण आहे हे मला ठाऊक आहे, मी महिला प्रतिनिधी म्हणून बैठकीला असते. झाडलोट करणाऱ्या, घंटा वाजवणाऱ्या मामांचा चार महिन्यांचा पगारही राहिलाय. म्हणून कदाचित सत्काराच्या शाली मोजून आणल्या असतील."

बाई, सलाम. तुमच्या वर्गातली पोरं तुम्हाला बाईच म्हणत असणार, म्हणून मीही तेच म्हणते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नाही, पाप नाही. आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक समजूत पक्की बसली आहे की खऱ्या सेवकानं फळाचा विचारच मनात आणू नये, आणि आणलाच तर निदान तोंडातून काढू नये. शुभवर्तमानात हे मला कुठं सापडत नाही. येशूचा शिष्य पेत्र, त्यानं तुमचाच प्रश्न प्रभूला समोरासमोर विचारला होता. मत्तयाचा १९वा अध्याय काढा. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेलेला आहे, आणि पेत्र लगेच म्हणतो, आम्ही तर सगळं सोडून तुमच्यामागं आलो, मग आम्हाला काय मिळणार? एखाद्या बाईनं पास्टरेट कमिटीत, म्हणजे देवळाचा कारभार बघणाऱ्या समितीत, असं विचारलं असतं तर लोकांनी महिनाभर चघळलं असतं. प्रभू रागावला नाही. 'सेवेत कसला हिशेब करतोस?' असंही म्हणाला नाही. त्यानं उत्तर दिलं, तेही भरघोस: बारा आसनं, जे सोडलं त्याच्या शंभरपट, आणि वर सार्वकालिक जीवन. मार्कानं हेच बोलणं लिहिताना यादीत मध्येच एक शब्द घातला आहे, 'छळणुकीसह'. कन्व्हेन्शनच्या स्टेजवरून शंभरपटीवर तासभर बोलणारे प्रचारक या शब्दापाशी आले की त्यांच्या घशाला कोरड पडते, हे तुम्हीही पाहिलं असेल.

पण पेत्राला दिलेलं उत्तर तिथं संपत नाही. अध्याय बदलतो, बोलणं तेच चालू राहतं. द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांचा दाखला हा त्याच उत्तराचा पुढचा भाग आहे. आपण तो सुटा करून वाचतो, त्यामुळे तो पेत्राला सांगितला आहे हेच विसरतो.

तुम्ही नगरला किंवा पुण्याला सकाळी मजूर अड्ड्यावरून गेला असालच. सात वाजता ही गर्दी: हातात डबा, घमेलं, थापी, रंगाचे ब्रश. मुकादम टेम्पो घेऊन येतो आणि आधी धट्टीकट्टी पोरं उचलतो. मग ज्यांच्याकडे हत्यारं आहेत ते. दहा वाजले की उरतात ती म्हातारी माणसं, आजारातून नुकती उठलेली, कडेवर पोर असलेली एखादी बाई. दाखल्यातला मालक पहाटेपासून मजूर लावत असतो. दिवस मावळायला तासभर उरला असताना तो पुन्हा बाहेर पडतो, आणि तेव्हाही तिथं माणसं उभी असतात. दिवसभर इथं रिकामे का उभे आहात, असं विचारल्यावर ती म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. मला हे उत्तर खरं वाटतं. ज्याला आळस करायचा असतो तो घरी झोपतो, उन्हात दिवसभर अड्ड्यावर उभा राहत नाही. अशा माणसाच्या हातावर मालक पूर्ण दिवसाचा रोज ठेवतो. अर्ध्या रोजात घरची चूल कशी पेटणार?

आता पहाटे आलेल्यांकडे बघा. त्यांना कमी मिळालं का? ठरला होता तेवढा दीनार, म्हणजे एका दिवसाचा रोज, मिळाला. त्यांची तक्रार मजुरीबद्दल नाहीच. ते म्हणतात, आम्ही दिवसभराचा भार आणि ऊन सोसलं, आणि तुम्ही यांना आमच्या बरोबरीला आणून बसवलंत. बाई, रागावू नका, पण एक विचारते. वर्धापनदिनाला कुणाचाच सत्कार झाला नसता, नुसती उपासना आणि जेवण झालं असतं, तर तुम्ही घरी येऊन रडला असता का? मला वाटतं, नेहमीसारख्या प्लेटा मोजून, उरलेला भात वाटून, कंबर धरून घरी आला असता आणि झोपला असता. दुखलं ते एका दिवसात साउंड सिस्टीम दिलेल्यांच्या खांद्यावर शाल पडली म्हणून. हे दुखणं फार जुनं आहे आणि फार माणसांचं आहे. पण ते त्या पुण्याच्या कुटुंबावर काढू नका. त्यांनी दिलं ते चांगल्या मनानंच दिलं असणार, आणि तो पैसाही कुणीतरी कमावलेलाच आहे.

म्हणजे कमिटीचं काही चुकलं नाही का? चुकलं, आणि चांगलंच चुकलं. पाळकसाहेबांचं वाक्य वचनाला धरून आहे. त्या घडीला मात्र ती पळवाट होती. स्वर्गातल्या प्रतिफळाबद्दल प्रेषित पौलाइतकी खात्री कुणाला असेल? त्याच पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा अख्खा १६वा अध्याय नावांनी भरला आहे. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी. जीव धोक्यात घालणारी प्रिस्का आणि तिचा नवरा अक्विला. पुष्कळ श्रम घेतलेली मरिया. श्रम करणाऱ्या त्रुफैना आणि त्रुफासा. मग पर्सिस, तिच्या नावापुढंही तेच: प्रभूमध्ये पुष्कळ श्रम केले. रूफाची आई, जी पौलालाही आईसारखी होती. किती बायका आहेत बघा या यादीत, आणि त्यांच्याबद्दल पौल पुन्हा पुन्हा श्रमांचंच बोलतो. शेवटी शेवटी तर पौल सांगत असलेलं लिहून घेणारा लेखनिकही मध्येच स्वतः सलाम घालतो: हे पत्र लिहिणारा मी तेर्तियस. ज्याच्या हातात बोरू होता त्याचंही नाव पत्रात राहिलं. आपल्या वर्धापनदिनाच्या स्मरणिका छापताना हा अध्याय शेजारी उघडा ठेवावा, असं माझं मत आहे. अध्यक्षांचा पानभर फोटो थोडा लहान केला तर त्रुफैना-त्रुफासांना जागा होते.

तेव्हा पाळकसाहेबांकडे पुन्हा जा. या वेळी हळूच नको. उपासनेनंतरच्या घाईत दारात उभं राहून नको, यजमानांना मध्ये घालून नको, आणि मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात नको. वेळ मागून घ्या, समोर बसा आणि म्हणा, "साहेब, त्या दिवशी मला वाईट वाटलं. मला शाल नको आहे. पण २२ वर्षांच्या कामाचा मंडळीसमोर एका वाक्यात उल्लेख झाला असता तर बरं वाटलं असतं. आणि मांडवात माझ्याबरोबर ज्या बाया राबत होत्या त्यांचाही." एवढंच. चहा घ्या आणि घरी या. बहुतेक पाळक असे असतात की त्यांना कुणी नीट सांगितलं तर कळतं. नीट कुणी सांगत नाही, नुसतं कानावर येतं.

आणि आता तुमच्या ताजा कलमाबद्दल. पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तिथंच अडखळले. मामांचा चार महिन्यांचा पगार राहिलाय, आणि तो तुमच्या पत्रात आलाय तो शाली मोजून का आणल्या याचं कारण म्हणून! बाई, मान आणि मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मान राहिला तर मन दुखतं. मजुरी राहिली तर किराणावाला उधार बंद करतो. आणि पवित्र शास्त्र मजुरीच्या बाबतीत जितकं कडक बोलतं तितकं फार थोड्या गोष्टींबद्दल बोलतं. लेवीय १९ सांगतं, मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नको. अनुवाद या पुस्तकाचा २४वा अध्याय सांगतो, सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला आहे. द्राक्षमळ्याचा मालकही संध्याकाळ होताच कारभाऱ्याला हाक मारून मजुरी द्यायला लावतो, उद्यावर टाकत नाही. आणि याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते, ते ओरडणं सेनाधीश प्रभूच्या कानी जातं. तुमच्या देवळात आता नवी साउंड सिस्टीम आहे. तिच्यापेक्षा हा आवाज मोठा आहे असं याकोबाचं म्हणणं दिसतं.

'स्वर्गात प्रतिफळ आहे' हे तुम्हाला सांगितलेलं वाक्य निदान अर्धं तरी खरं होतं. मामांना तेच वाक्य सांगणं हे पगार बुडवणं आहे. तीमथ्याला लिहिताना पौल, मळणी करणाऱ्या बैलाला मुसकी बांधू नको आणि कामकऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे, ही दोन वचनं शेजारी शेजारी ठेवतो. तुम्ही महिला प्रतिनिधी आहात. तुम्हाला बैठकीत मत देता येतं. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय लेखी घालायला लावा, 'आयत्या वेळचे विषय' यात नको, पहिल्या तीनांत हवा. कापणीचा सण जवळ आला असेल तर एक उपाय सुचवते. देवळाच्या आवारात लिलाव होतोच: बाजरीचं पोतं, भोपळे, कुणाचा तरी कोंबडा, ज्याची बोली हौसेनं बाजारभावाच्या तिप्पट जाते. त्या लिलावाच्या पैशातून पहिल्यांदा मामांची थकबाकी भागवायची, रंगरंगोटी मग. आणि यापुढे पगार महिन्याच्या ठरलेल्या तारखेला त्यांच्या बँक खात्यात. ट्रेझररसाहेब गावाला गेले म्हणून पगार राहिला, हे कारण यापुढे चालू द्यायचं नाही.

फळ म्हणजे नक्की काय, असं विचारलंत. मी जेवढं समजले तेवढं सांगते. तालांतांचा दाखला, परदेशी जाताना मालक आपल्या दासांकडे पाच, दोन आणि एक तालांत सोपवून जातो तो, तुम्ही पोरांना कित्येकदा शिकवला असेल. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार. एक दीनार म्हणजे एका दिवसाचा रोज. सणवार, शब्बाथ वजा केले तर एका मजुराची जवळजवळ वीस वर्षांची कमाई एका तालांतात बसते. पाच तालांत म्हणजे शंभर वर्षांची. आणि मालक परत आल्यावर एवढ्या रकमेला काय म्हणतो? 'थोडके'. तू थोडक्यात विश्वासू राहिलास, मी तुला पुष्कळांवर नेमीन. पाचवाल्याला जे वाक्य, तेच दोनवाल्याला, शब्दाला शब्द. बेरीज कुणाची मोठी होती याची तिथं वाच्यताच नाही. आणि बक्षीस काय, तर आणखी काम! कुठल्याही कारखान्यात असं बक्षीस जाहीर केलं तर दुपारच्या शिफ्टला संप होईल. पण त्याच वाक्याला एक शेपूट आहे: आपल्या धन्याच्या आनंदात सामील हो. मला वाटतं, फळ ते आहे. ज्याच्यासाठी राबलो त्याचा आनंद आपलाही होणं. हे स्वर्गात पुरं मिळेल, पण इथंही त्याची चव लागते, आणि ती तुम्हाला लागलेली आहे. नाहीतर बिनपगारी कुणी २२ वर्षं दर रविवारी पोरांना दाविदाची गोष्ट सांगत नाही.

इथं दिसणारं यश मात्र कुणाच्या वाट्याला येईल आणि कुणाच्या नाही, याचा काही नेम नाही. पंडिता रमाबाईंचं बघा. केडगावला मुक्ती सदनात दुष्काळातल्या, टाकलेल्या मुलीबायकांना सांभाळता सांभाळता त्यांनी आयुष्याची शेवटची अनेक वर्षं एका कामाला दिली: सगळं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणायचं, गावातल्या कमी शिकलेल्या बाईला वाचून समजेल असं. त्यासाठी त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या. छापखाना मुक्तीतलाच, आणि तिथं छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायलाही मुक्तीतल्याच मुलीबायका. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. पूर्ण ग्रंथ छापून बाहेर आला तो १९२४ साली. म्हणजे बांधलेली प्रत त्यांनी हातात धरली नाही. बरं, पुढं तरी ती घरोघरी गेली का? आज आपल्या बहुतेक देवळांत व्यासपीठावर उघडी असते ती बायबल सोसायटीची प्रत. एवढ्या विद्वान बाईचं एवढं मोठं काम, आणि रविवारी ते वाचलं जात नाही. हे बोलायला बरं वाटत नाही, पण तसं आहे. तरी ते फुकट गेलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्या मुलींना अक्षर ठाऊक नव्हतं त्यांनी त्या छापखान्यात एकेक खिळा उचलून उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सगळं जुळवलं. त्यांच्या बोटांखालून गेलेलं ते शास्त्र त्यांच्यात कुठवर पोचलं असेल, हे कुठल्या विक्रीच्या आकड्यात येणार? देव अन्यायी नाही, तुमचं काम विसरायला, असं इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. माणसं विसरतात हे त्या लेखकाला ठाऊक असणार, नाहीतर हे वाक्य लिहायची गरज पडली नसती.

आता सोडायचं की नाही. रागात सोडू नका. पण राग गेल्यावर थोडं जरूर सोडा. तुम्ही जी यादी लिहिली आहे ती एका माणसाची नाही. संडे स्कूल, नाटक, सणाची मांडामांड, हिशेब, वर प्लेटा. कुणीतरी कधीतरी तुम्हाला 'आम्ही निरुपयोगी दास आहोत' हे लूकातलं वचन ऐकवेल, आमच्या पिढीतल्या बायकांना ते फार ऐकवलं गेलं. नीट वाचा: सगळं करून झाल्यावर दासानं स्वतःबद्दल म्हणायचं ते वाक्य आहे. कमिटीनं दुसऱ्याबद्दल म्हणायचं नाही.

संडे स्कूल ठेवा, ते तुमचं आहे. पण शेजारी दोन तरुण घ्या, दृढीकरण झालेले, म्हणजे स्वतः विश्वासाची कबुली देऊन मंडळीत आलेले, ज्यांना पोरांचा कंटाळा नाही. पहिले काही महिने ते नुसते हजेरी घेतील आणि कृतिगीतं म्हणून घेतील, मग एक रविवार गोष्ट ते सांगतील आणि तुम्ही मागं बसाल. चुकीची सांगितली तर मध्ये बोलू नका. नंतर घरी बोलवून, पोहे देऊन सांगा. नाताळच्या नाटकात मेंढपाळांच्या डोक्याला टॉवेल बांधणं आणि गब्रिएलचे पंख सेफ्टीपिननं सावरणं हे तर कुठलीही पोरगी करू शकते. महिन्यातून एक रविवार काहीही करू नका. यजमानांच्या शेजारी बाकावर बसा, उपासना संगीताचं पुस्तक हातात धरा आणि सगळी कडवी म्हणा. २२ वर्षांत पूर्ण उपदेश बसून किती वेळा ऐकलात? संडे स्कूलच्या बायांना अर्धाच उपदेश मिळतो, हे मला माहीत आहे. (कधी कधी तेही चालतं म्हणा.)

मुलावर चिडू नका. 'फुकट राबलीस' हे त्यानं रागानं म्हटलं, पण तो राग तुमच्या बाजूचा आहे. तुम्ही रडताना त्यानं पाहिलं, कमिटीनं पाहिलं नाही. त्याच्याशी वाद घालून सेवेचं महत्त्व पटवायला जाऊ नका, पटणार नाही. तुमचा भार कमी व्हावा असं त्याला खरंच वाटत असेल तर महिला मंडळाच्या हिशेबाची वही त्याच्यापुढं ठेवा. शिकलासवरलेला मुलगा आहे, दोन संध्याकाळींत एक्सेलमध्ये घालून देईल. पावत्या मात्र आधी तारखेवार लावून द्या, नाहीतर पहिल्याच पानावर भांडाल.